निघण्याचे इंग्रजी पुन्हा पुन्हा का चुकते: कारणे आणि दुरुस्ती

इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या मराठी माणसांचा मजकूर तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो, आणि या काळात एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे की प्रवासाचा उल्लेख आला की माझी पेन्सिल आपोआप तिकडे वळते. लिहिणाऱ्याचे व्याकरण चांगले असते, शब्दांची कमतरता नसते, अवघड कराराचा मसुदाही तो नीट वाचतो. पण ‘घरून निघालो’, ‘लंडनला जायला निघालो’, ‘पाहुण्यांना सोडायला गेलो’ अशी रोजची वाक्ये लिहिताना त्याचे इंग्रजी अडखळते. चूक दाखवली की ती त्या पत्रापुरती सुधारते आणि पुढच्या पत्रात जशीच्या तशी परत येते. वारंवार होणारी चूक निष्काळजीपणाची नसते, तिच्यामागे काहीतरी ठरलेली यंत्रणा असते, आणि ती यंत्रणा सापडल्याशिवाय लाल खुणा करून काही उपयोग होत नाही.

‘लेफ्ट फ्रॉम होम’ आणि ‘लेफ्ट टु लंडन’

सर्वांत जास्त आढळणारी चूक ही. ‘आय लेफ्ट फ्रॉम होम ॲट सिक्स’ आणि ‘शी लेफ्ट टु लंडन यस्टरडे’ या दोन्ही वाक्यांत शब्द बरोबर आहेत, काळ बरोबर आहे, आणि तरीही वाक्ये चुकीची आहेत. कारण असे की लिहिणाऱ्याच्या मनात ‘निघणे’ हे क्रियापद असते. ते अकर्मक आहे. ज्या ठिकाणाहून निघायचे त्याला ‘ऊन’ किंवा ‘हून’ लागते, जिथे जायचे त्याला ‘ला’ लागते, आणि हे प्रत्यय इंग्रजीत नेताना ‘फ्रॉम’ आणि ‘टु’ हेच शब्द प्रथम सुचतात. ‘लीव्ह’ मात्र मुळात निघण्याचे क्रियापद नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मागे राहू देणे’ असा होता आणि त्याची आजची रचना त्या अर्थावरच उभी आहे: जे मागे राहिले ते त्याचे कर्म. कर्माला शब्दयोगी अव्यय लागत नाही, म्हणून ‘लीव्ह होम’, ‘लीव्ह लंडन’, ‘लीव्ह द ऑफिस’.

या अर्थाचे क्रियापद मराठीतही आहे. ‘गाडीने स्थानक सोडले’ हे वाक्य आपण सहज लिहितो आणि त्यात ‘स्थानकातून सोडले’ असे कोणी म्हणत नाही. तेव्हा उपाय सोपा आहे: ‘लीव्ह’ लिहिण्याआधी मनातल्या वाक्यातून ‘निघणे’ काढून तिथे ‘सोडणे’ ठेवावे. ‘मी सहाला घर सोडले’ हे मराठी थोडे नाटकी वाटेल, पण त्याचे इंग्रजी मात्र बिनचूक होईल, कारण त्या वाक्यात ‘फ्रॉम’ला शिरायला जागाच नसते.

आता गंतव्य स्थान. ‘गो’ आणि ‘कम’ यांना ‘टु’ चालतो, म्हणून तो ‘लीव्ह’लाही चालेल असे वाटते; पण ‘लीव्ह’ या शब्दात पोहोचण्याची कोणतीही हमी नाही. माणसाने फक्त एक जागा सोडली आहे, पुढे त्याचे काय झाले हे वाक्य सांगत नाही. अशा वेळी इंग्रजी ‘फॉर’ वापरते, ज्यात रोख आहे पण आगमन नाही. एकदा हे ध्यानात आले की एक संपूर्ण कुटुंब ओळखू येते: ‘लीव्ह फॉर’, ‘सेट ऑफ फॉर’, ‘सेट आउट फॉर’, ‘डिपार्ट फॉर’, ‘सेल फॉर’, ‘मेक फॉर’, ‘हेड फॉर’, आणि जहाजाच्या किंवा गाडीच्या बाबतीत ‘बाउंड फॉर’. यांपैकी ‘हेड’ला हल्ली ‘टु’ही सर्रास लावतात आणि ते चूक मानले जात नाही; बाकीच्यांना मात्र ‘फॉर’च द्यावा.

या एका लहान शब्दाची किंमत किती आहे हे ‘होम’जवळ दिसते. ‘आय लेफ्ट होम ॲट सिक्स’ म्हणजे मी सहाला घरून निघालो, आणि ‘आय लेफ्ट फॉर होम ॲट सिक्स’ म्हणजे मी सहाला घरी जायला निघालो. तीन अक्षरांच्या इंग्रजी शब्दाने माणसाची दिशा उलटी होते. ‘गो होम’ आणि ‘हेड होम’ यांत ‘होम’ला काहीच लागत नाही, कारण तिथे तो शब्द क्रियाविशेषणासारखा वागतो, ‘लीव्ह’पुढे आल्यावर तो साधे नाम होऊन कर्माच्या जागी बसतो. आणखी एक बारकावा असा की वेळ न सांगता ‘ही लेफ्ट होम’ एवढेच लिहिले, किंवा ‘ही लेफ्ट होम ॲट एटीन’ असे वय सांगून लिहिले, तर तो आईवडिलांचे घर सोडून वेगळा राहू लागला असा अर्थ होतो. नुसते दाराबाहेर पडणे सांगायचे असेल तर ‘लेफ्ट द हाउस’ अधिक सुरक्षित आहे.

‘लीव्ह फ्रॉम’ कधीच चालत नाही का? चालते, आणि या अपवादामुळे गोंधळ वाढतो. ‘द ट्रेन लीव्ह्ज फ्रॉम प्लॅटफॉर्म फोर’ हे वाक्य अगदी योग्य आहे, कारण तिथे काय मागे राहिले हा प्रश्नच नाही. गाडी पकडण्यासाठी कुठे जाऊन उभे राहायचे या प्रश्नाचे ते उत्तर आहे. त्यात ‘डिपार्ट’ या औपचारिक शब्दाची भर पडते. त्याला नेहमीच्या लेखनात ‘फ्रॉम’ लागतोच, आणि उद्घोषणांमधून तो सतत कानावर पडत असल्यामुळे त्याचे शेपूट ‘लीव्ह’ला चिकटते. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात ‘डिपार्ट लंडन’ असेही छापलेले दिसते, पण ती त्या व्यवसायाची आखूड भाषा आहे आणि पत्रात तिची नक्कल करू नये.

‘निघालो’ म्हणताना आपण निघालेलो नसतो

दुसरी चूक शब्दांची नाही, काळाची आहे, आणि ती व्याकरण तपासणाऱ्या कोणत्याही साधनाला सापडत नाही, कारण लिहिलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. ती मी स्वतः केली आहे. एका परदेशी सहकाऱ्याबरोबर बैठकीला जायचे होते. त्याचा ‘कुठपर्यंत आलात’ असा संदेश आला तेव्हा माझ्या एका पायात बूट होता, दुसरा बूट हातात होता आणि किल्ली सापडत नव्हती. मी ज्या सहजतेने मराठीत ‘निघालो’ म्हटले असते त्याच सहजतेने ‘आय हॅव लेफ्ट’ असे लिहून पाठवले. माझ्या घरापासून त्याच्या दारापर्यंत दहा मिनिटांची वाट आहे हे त्याला माहीत होते, म्हणून तो हिशेबाने दहाव्या मिनिटाला खाली उतरला आणि पुढची पंचवीस मिनिटे फाटकाशी उभा राहिला. मी खोटे बोललो असे त्याला वाटले. मी खोटे बोललो असे मला आजही वाटत नाही.

मराठीत लगेच होणाऱ्या गोष्टीसाठी भूतकाळ वापरण्याची सोय आहे. आतल्या खोलीतून ‘आलो, आलो’ म्हणणारा माणूस अजून आलेला नसतो आणि ऐकणाऱ्याचीही त्याबद्दल तक्रार नसते. इंग्रजी भूतकाळ ही सवलत देत नाही. तिथे ‘लेफ्ट’ म्हणजे दार ओढून घेतले, कुलूप लागले, पाय रस्त्यावर पडला. त्यामुळे संदेश लिहिताना आधी स्वतःकडे पाहावे. अजून घरातच असू तर ‘आय ॲम जस्ट लीव्हिंग’ किंवा ‘आय ॲम अबाउट टु लीव्ह’ लिहावे. खरोखर बाहेर पडलो असू तर ‘आय हॅव जस्ट लेफ्ट’. आणि वाटेत असू तर ‘आय ॲम ऑन माय वे’. हा शेवटचा प्रयोग इंग्रजी भाषकही बूट शोधताना बिनदिक्कत करतात, हे मान्य करायला हवे, पण त्याबद्दल त्यांना बोलणीही बसतात. ‘ऑन’च्या जागी चुकून ‘इन’ पडला तर ‘आय ॲम इन द वे’ म्हणजे ‘मी वाटेत आडवा आलो आहे’ असे होते.

मराठी ‘निघालो’च्या सर्वांत जवळचा इंग्रजी प्रयोग कोणता असे विचारले तर मी ‘आय ॲम ऑफ’ असे सांगेन. तो निघण्याच्या क्षणी, ज्यांना मागे ठेवून जायचे त्यांना उद्देशून म्हणतात, आणि त्यात आपल्या ‘बरं, निघालो मी’चा नेमका सूर आहे. पलीकडे वाट पाहणाऱ्या माणसाला मात्र तो पाठवू नये.

याला लागूनच ‘येतो’ची अडचण आहे. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि सवयीने इंग्रजीत ‘ओके, आय विल कम’ असे निघून जाते. ऐकणारा त्यातून एकच अर्थ घेतो की हा माणूस कुठेतरी यायचे कबूल करतो आहे, आणि तो ‘कधी?’ असे विचारतो. निरोपाच्या जागी ‘आय शुड गेट गोइंग’, ‘आय हॅड बेटर बी ऑफ’ किंवा थोडे औपचारिक ‘आय मस्ट बी गोइंग’ हे प्रयोग बसतात. या सगळ्यांत ‘आता निघायला हवे’ असा नाइलाजाचा भाव आहे, जणू काळच आपल्याला ओढून नेतो आहे, आणि सौजन्य त्या भावातच आहे. नुसते ‘आय ॲम गोइंग’ हे वाक्य दारापाशी उभे राहून म्हटले तर रागाने उठल्यासारखे ऐकू येते.

वेळापत्रकाविषयी एकच सूचना: गाडी उद्याची असली तरी ‘माय ट्रेन लीव्ह्ज ॲट एट टुमॉरो’ असा साधा वर्तमानकाळ वापरावा. वेळ ठरलेली आहे, तिला ‘विल’ची गरज नाही.

माणसांना ‘सोडायला’ जाणे

वर ‘लीव्ह’साठी मनात ‘सोडणे’ धरावे असे सांगितले; आता तेच औषध कुठे उलटते ते सांगणे आवश्यक आहे. कर्माच्या जागी स्थळ असेल तोवर हा उपाय उत्तम चालतो, पण तिथे माणूस आला की धोका सुरू होतो. एका गृहस्थांनी उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करताना लिहिले होते की ‘आय वॉज लेट बिकॉज आय वेंट टु लीव्ह माय वाइफ’. त्यांना म्हणायचे होते की पत्नीला विमानतळावर सोडायला गेलो होतो. वाचणाऱ्याला कळले ते असे की हे गृहस्थ संसार मोडायला गेले होते आणि तिथे त्यांना उशीर झाला. वाक्याच्या शेवटी ‘ॲट द एअरपोर्ट’ घातले असते तरी फारसे सुधारले नसते. मग तो त्याग विमानतळावर झाला असता, एवढेच.

मराठी ‘सोडायला जाणे’ यात खरे तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंग्रजी त्यांना वेगळे शब्द देते. निरोप देण्यासाठी स्थानकापर्यंत जाणे, गाडी हलेपर्यंत थांबणे, हात हलवणे, हे सगळे ‘सी ऑफ’मध्ये येते. वाहनातून नेऊन उतरवून देणे आणि आपण पुढे जाणे हे ‘ड्रॉप ऑफ’. दोन्हींपैकी काहीच ठळक करायचे नसेल तर ‘आय टुक हर टु द स्टेशन’ हे साधे वाक्य कधीही चुकत नाही, आणि शंका आली की मी तेच सुचवतो.

या दोन प्रयोगांतही खाचखळगे आहेत. सर्वनाम मधेच आले पाहिजे: ‘सी हिम ऑफ’ बरोबर, ‘सी ऑफ हिम’ चूक. शिवाय ब्रिटिश वापरात ‘सी ऑफ’चा अर्थ प्रतिस्पर्ध्याला पळवून लावणे असाही होतो, पण संदर्भामुळे सहसा घोटाळा होत नाही. ‘ड्रॉप ऑफ’ कर्माशिवाय वापरला तर त्याचा अर्थ झोप लागणे असा होतो. ‘आय ड्रॉप्ड ऑफ इन द कार’ म्हणजे गाडीत माझा डोळा लागला, आणि गाडी आपणच चालवत असू तर हे वाक्य कोणाला लिहून देऊ नये.

‘सेंड ऑफ’ हा शब्द मराठीत निरोपसमारंभासाठी इतका रुळला आहे की तो इंग्रजीत कुठेही चालेल असे वाटते. नाम म्हणून तो चालतो. ‘दे गेव्ह हर अ वॉर्म सेंड-ऑफ’ हे चांगले इंग्रजी आहे. पण त्याचे क्रियापद करून ‘ही वॉज सेंट ऑफ’ असे लिहिले की फुटबॉल पाहणाऱ्या वाचकाला पंचाने लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढलेला खेळाडू आठवतो. सन्मानाने निवृत्त झालेल्या माणसाबद्दल असे लिहिलेले मी वाचले आहे.

‘सेट’, ‘हेड’, ‘टेक’ आणि त्यांच्यामागचे ‘ऑफ’

‘सेट ऑफ’ आणि ‘सेट आउट’ या दोहोंचा अर्थ प्रवासाला निघणे असाच आहे आणि बहुतेक वाक्यांत कोणताही वापरला तरी चालते. फरक सुराचा आहे. ‘सेट ऑफ’मध्ये निघण्याचा क्षण दिसतो, ‘सेट आउट’मध्ये लांबचा पल्ला आणि मनात धरलेला हेतू दिसतो; म्हणून ‘सेट आउट टु’ पुढे क्रियापद आले की प्रवास नाहीसा होतो आणि केवळ उद्दिष्ट उरते. ‘सेट ऑफ’ला कर्म जोडले तर मात्र अर्थ पूर्ण बदलतो: ‘वी सेट ऑफ ॲट डॉन’ म्हणजे आम्ही पहाटे निघालो, आणि ‘वी सेट ऑफ द अलार्म ॲट डॉन’ म्हणजे आमच्यामुळे पहाटे धोक्याची घंटा वाजली. दोन्हींत ‘सेट’चे भूतकाळी रूप ‘सेट’च राहते; ‘सेटेड’ असा शब्द नाही.

‘हेड ऑफ’लाही हाच नियम लागतो. कर्म नसेल तर निघणे, कर्म असेल तर वाट अडवणे किंवा संकट आधीच टाळणे. ‘टेक ऑफ’ विमानाला शोभतो. आगगाडीला तो लावू नये, तिच्यासाठी ‘लीव्ह’ आहे आणि फलाटावरून हळूहळू सरकताना पाहिली असेल तर ‘पुल आउट’ आहे. माणसाने ‘टेक ऑफ’ केले तर तो घाईने, बहुधा न सांगता, निसटला असा त्याचा अर्थ होतो.

एक नाविक अडचण

‘द वर्क इज अंडर वे’ या वाक्यातला शेवटचा शब्द कसा लिहावा याबद्दल मला नेहमी विचारणा होते. देवनागरीत दोन्ही रूपे सारखीच दिसतात, म्हणून अर्थाने सांगतो: एका ‘वे’चा अर्थ वाट असा आहे आणि दुसऱ्याचा, म्हणजे वजन करण्याच्या क्रियापदाचा, जुना अर्थ उचलणे असा आहे. नांगर उचलण्याला इंग्रजीत ‘वे अँकर’ म्हणतात, त्यातला ‘वे’ हा दुसरा. नांगर उचलला की जहाज निघते, म्हणून ‘अंडर वे’मध्येही हाच उचलण्याचा ‘वे’ असला पाहिजे असा समज पसरला आणि तसे लिहिणारे कसलेले लेखकही होऊन गेले. प्रत्यक्षात हा शब्दप्रयोग ‘वाटेवर’ या अर्थाच्या डच शब्दावरून आला आहे. तेव्हा वाटेचा ‘वे’ लिहावा. तो जोडून लिहिला किंवा तोडून लिहिला तरी आज दोन्ही चालते.

खलाश्यांच्या भाषेत या शब्दाला काटेकोर अर्थ आहे, आणि तो नेहमीच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. समुद्रावर जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले त्यांतील तिसऱ्या नियमानुसार जे जहाज नांगरलेले नाही, किनाऱ्याला बांधलेले नाही आणि रुतलेलेही नाही ते ‘अंडरवे’. म्हणजे यंत्र बंद करून लाटांवर डोलत उभे असलेले जहाजही ‘अंडरवे’ असते. पाणी कापत पुढे जाणाऱ्या जहाजासाठी ‘मेकिंग वे’ असा वेगळा शब्द आहे. ‘काम अंडर वे आहे’ असे सांगणाऱ्या कित्येक कार्यालयीन पत्रांना हा नाविक अर्थ फार चपखल बसतो, असे मला वाटते.

सलगी, शिष्टाचार आणि अपशकुन

‘हिट द रोड’, ‘मेक ट्रॅक्स’, ‘मेक अ मूव्ह’ हे मित्रांमधले प्रयोग आहेत आणि ते औपचारिक पत्रात घालू नयेत. ‘पुश ऑफ’ आणि ‘क्लिअर ऑफ’ यांच्याबाबत अधिक सावध राहावे. स्वतःबद्दल म्हटले तर ते खेळकर असतात, दुसऱ्याला उद्देशून आज्ञार्थी वापरले तर ‘चालता हो’ इतके कडक होतात.

दुसऱ्या टोकाला ‘टेक लीव्ह’ आहे. यातला ‘लीव्ह’ वर सांगितलेल्या क्रियापदाचा भाऊ नाही. ‘परवानगी’ या अर्थाच्या वेगळ्या जुन्या शब्दापासून तो आला आहे. मराठीतील ‘रजा’चेही असेच आहे: मूळ अरबी शब्दाचा अर्थ संमती, आणि आपण कार्यालयातून रजा घेतो तशी यजमानांचीही रजा घेतो. इंग्रजी मात्र या दोहोंत एका शब्दाचा फरक करते. ‘ही टुक लीव्ह’ म्हणजे त्याने सुट्टी घेतली आणि ‘ही टुक हिज लीव्ह’ म्हणजे त्याने निरोप घेतला. न सांगता निघून जाण्याला इंग्रज ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणतात, आणि त्याच कृतीला फ्रेंच लोक ‘इंग्रजी पद्धतीने पळणे’ म्हणतात.

‘फेअरवेल’मधील ‘फेअर’ म्हणजे प्रवास करणे, म्हणून तो शब्द मुळात जाणाऱ्याला म्हणायचा होता. ‘गॉडस्पीड’मध्ये वेगाचा संबंध नाही; त्यातल्या ‘स्पीड’चा जुना अर्थ यश असा आहे, त्यामुळे तो ‘लवकर जा’ म्हणून कोणाला लिहू नये.

शेवटी मृत्यूची छाया. ‘ही हॅज डिपार्टेड’ आणि ‘ही हॅज लेफ्ट अस’ ही वाक्ये निधनासाठी वापरली जातात, आणि दूरध्वनीवर साहेबांची चौकशी करणाऱ्याला असे उत्तर दिले तर पलीकडे क्षणभर शांतता पसरते. ‘ही हॅज लेफ्ट’ एवढ्यानेही नोकरी सोडली की काय अशी शंका येते. कामाचे तास संपवून घरी गेले असतील तर ‘ही हॅज लेफ्ट फॉर द डे’ म्हणावे. इथला ‘फॉर’ गंतव्याचा नाही, ‘आजच्यापुरते’ असे सांगणारा आहे.

ही चूक आपल्याकडून किती होते हे पाहायचे असेल तर आपल्याच पाठवलेल्या पत्रांत आणि संदेशांत ‘लेफ्ट’ हा शब्द शोधावा, प्रत्येक ठिकाणी त्याच्या पुढचा शब्द वाचावा आणि संदेश असेल तर पाठवल्याची वेळही पाहावी. मी माझा शोध घेतला तेव्हा ‘टु’ दोन ठिकाणी सापडला, दोन्ही फार जुन्या पत्रांत. ‘आय हॅव लेफ्ट’ मात्र त्या बुटाच्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी पाठवलेले होते, आणि त्याखाली नऊ वाजून वीस मिनिटांनी आलेला सहकाऱ्याचा प्रश्न होता: ‘लेफ्ट व्हेअर?’